तक्रारीचं नाव

“साइट बंद करा म्हणतोय का मी? नुसतं नाव काढा,” साहेब म्हणाले आणि विकतच्या बाटलीतलं पाणी गटागटा प्यायले.

पाणीपुरवठा कार्यालयातले नाववाले समोर उभेच होते. इंटरनेटवर कार्यालयाच्या कुठल्या नावाचा कुठला पत्ता, हे सांगणारी फाइल तेच सांभाळत, म्हणून हे टोपणनाव. नळाला गटाराचा वास येतो अशा तक्रारींचा खच पडला होता आणि तपासणी तोंडावर आली होती. तर पाइप राहू दे, तक्रारीच्या पानाचं नावच पुसा. रोग रेड्याला, औषध पखालीला!

“साहेब, लोकांनी सांगायचं कुठे मग?”

“तुमची पेन्शन जवळ आलीय ना? मग लोकांचं तुम्हाला काय करायचंय?”

नाववाल्यांना किळस आली. तरी खुर्चीत बसेपर्यंत त्यांना युक्ती सुचली. फाइलीच्या माथ्यावर एक क्रमांक असतो. बदल केला की तो वाढवायचा. पत्ते सांगणारे सर्व्हर दोन, बदल पहिल्यावर होतो; क्रमांक वाढला तरच दुसरा सर्व्हर नवी फाइल उचलतो. ओळ पुसायची, क्रमांक तसाच ठेवायचा. मग दुसरा सर्व्हर जुनाच पत्ता सांगत राहील आणि निम्म्या तक्रारी तरी पोचतील. कुणी विचारलंच तर म्हणायचं, विसरलो, वय झालं.

साहेब मागे येऊन उभे राहिले. नाववाल्यांनी ओळ पुसली, फाइल साठवली.

संध्याकाळी घरी मुलगी मोबाइल नाचवत आली. “बाबा, तुमचं तक्रारीचं पान उघडत नाहीये.”

“परत परत बघ. लागेल कधीतरी.”

“दुपारपासून बघतेय. मैत्रिणींकडेपण तेच. असं नावच नाही म्हणतंय.”

त्यांनी घरूनच फाइल उघडली. क्रमांक वाढलेला होता. इतक्या वर्षांच्या सवयीने बोटांनीच तो वाढवून टाकला होता. उभ्या जन्मात एकदा चुकायचं ठरवलं, तेही जमलं नाही. आता नाव परत घातलं तर ती विसरभोळ्याची चूक ठरली नसती, सरळ बंड ठरलं असतं. तेवढी छाती त्यांच्याकडे नव्हती. त्यांना स्वतःचीच शिसारी आली आणि त्यांनी फाइल मिटली.

“हात धुऊन या, पानं वाढलीत,” बायकोने हाक मारली.

ते नळाखाली हात धरून उभे राहिले. साबण लावला, धुतले, हुंगले. पुन्हा साबण लावला.

“अहो, किती वेळ?”

“वास जात नाहीये.”

“पाण्यालाच आहे तो. पुसा आणि या.”

त्यांनी हात पुसले आणि ते जेवायला बसले.