भोंग्याची पोच

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. शिवशंकर म्हणतो, "कहकशांच्या टेबलाजवळून जाताना चप्पल हातात घेऊन जावं." शिवशंकर माझ्यासोबत काम करतो. नांदेडला वजिराबादेत एका दवाखान्याच्या माडीवर आमचं चार माणसांचं ऑफिस आहे. बंधाऱ्याची दारं उघडायच्या आधी नदीकाठच्या गावांत भोंगे वाजवायचे, हे आमचं काम. माणूस पाठवून न्हाई, प्रोग्रॅम लिहून.

ते कसं चालतं तेवढं सांगते, कंटाळू नका. खेड्यातलं नेटवर्क म्हणजे आलं तर आलं. म्हणून फोनसारखी लाईन धरून बसायची पद्धत आम्ही ठेवलीच न्हाई. लाईन तुटली की सगळं अडकून पडतं. आम्ही निरोप फेकतो. 'वाज' असा एक छोटा निरोप पाच गावांतल्या, भोंग्याला वायरनं जोडलेल्या पाच डब्यांकडं सुटतो. पोचला तर पोचला, न्हाईतर वाटेत मेला. कधी मागचा पुढं जातो, पुढचा मागं राहतो. म्हणून निरोप मिळाला की डब्यानं उलट निरोप टाकायचा. त्याला आम्ही पोच म्हणतो. पोच आली न्हाई तर मी परत फेकते. आणि तोवर हात बांधून वाट बघायची न्हाई. अम्मी चुलीवर दूध ठेवते, भाकरी थापते, कांदा चिरते, अन् कान तेवढा दुधाकडं. तसा माझा प्रोग्रॅम पाचही गावांकडं कान ठेवून बाकीची कामं उरकतो. पाची पोचा आल्या की बंधाऱ्याला परवानगी जाते, अन् पाव तासानं दारं आपोआप वर जायला लागतात.

त्या पाचांतलं एक गाव आमचं. निलंग्याच्या अलीकडं, नदीला लागून. माझे अब्बा चांदपाशा, त्यांचं निलंग्याला मोटार वायंडिंगचं दुकान. पंचायतीवर डबा बसवला तेव्हा अब्बा अख्ख्या गावाला सांगत फिरले, "माझ्या पोरीचा डबा हाय, हात लावू नका." अब्बांची एकच खोड मला लई छळते. निघालो म्हणून फोन करतील, पोचलो म्हणून कधी करणार न्हाईत. मी रात्रभर जीव मुठीत धरून बसते अन् सकाळी विचारलं तर म्हणतात, "पोचलोच असणार ना. न्हाई पोचलो तर कोणीतरी सांगितलं असतं."

श्रावण होता. वरच्या अंगाला रात्रीपासून पाऊस कोसळत होता, बंधारा तुडुंब होत आला होता. दुपारी दारं उघडायचा हुकूम आला. मी निरोप सोडले.

"आल्या पाची पोचा," शिवशंकर म्हणाला. "तुझ्या गावाची सगळ्यात आधी."

मला बरं वाटलं. स्क्रीनवर पाच हिरवे ठिपके, खाली घड्याळ उलटं चालू झालेलं. म्हटलं, चला, अम्मीला फोन लावू, पोरीचा भोंगा तिलाबी ऐकू द्या. आमचं घर पंचायतीच्या मागच्याच गल्लीत.

"अम्मी, दारात जाऊन फोन जरा वर धर. मला भोंगा ऐकायचाय."

मला ऐकू आलं ते भलतंच. लांबून कोणी बाई संथ आवाजात पोथी वाचत होती. भोंग्याचा पत्ता न्हाई.

"कोणता भोंगा गं?" अम्मी म्हणाली.

"पंचायतीवरचा! वाजून राहिला असल ना आता!"

"तो कुठून वाजल? तो तर मारुतीच्या देवळावर हाय. सप्ता चालू हाय ना. त्यांचा भोंगा जळाला, मंडळी आली दारात, तुझ्या अब्बांनीच पंचायतीवरचा काढून तिकडं लावला. काला झाला की परत लावतो म्हणले."

माझ्या डोक्यात सणक गेली. गावाला सांगायचं हात लावू नका, अन् स्वतः पाना घेऊन वर चढायचं! पण अब्बा कोणाला न्हाई म्हणतील तर ते अब्बा कसले. सप्त्याचा माईक, ईदगाहचा माईक, लग्नाचा माईक, सगळ्यांचा बिघाड आमच्याच दारात येतो. अन् स्क्रीनवर आमच्या गावाचा ठिपका हिरवागार. डब्याचं काय चुकलं? त्याला निरोप मिळाला, त्यानं इमानदारीत मिळाला म्हणून सांगितलं. वायरच्या टोकाला भोंगा आहे का, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

"अब्बांना दे फोन," मी ओरडले. "मी बघते त्यांच्याकडं!"

"ते नदीत हायत."

"कुठं?"

"नदीत. हणमंतराव सकाळपासून मागं लागले होते, पाणी वाढायच्या आत मोटार काढून द्या म्हणून. मधल्या खडकावर बसवलेली हाय ना त्यांची, तिथंच गेलेत दोघं."

मधला खडक मला ठाऊक आहे. दोन्हीकडून गुडघ्याएवढं पाणी, तळाला शेवाळ, अन् वरून बंधाऱ्याचं पाणी सुटलं तर तिथून पळायला वेळच मिळत न्हाई. अब्बांना नट फिरवताना जगाची शुद्ध नसते. फोन ते गाडीच्या डिकीत ठेवतात. मागल्या वर्षी एक फोन नदीनं खाल्ला तेव्हापासून.

"शिवा, दारं थांबव!"

त्यानं कशाला, काय, काही विचारलं न्हाई. 'थांब' लिहिलं, सोडलं. आम्ही दोघं स्क्रीनकडं बघत राहिलो. पोच न्हाई. परत सोडलं. पोच न्हाई. प्रोग्रॅमला सांगून ठेवलं, उत्तर येईपर्यंत फेकत राहा. पाऊस वाढला की बंधाऱ्यावरचं नेटवर्क असंच जातं. शिवशंकरनं तिथल्या ऑपरेटरला फोन लावला, तर बाई गोड आवाजात सांगून राहिली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. तिला काय जातंय सांगायला!

'थांब' वाटेत मेला होता, का तिथं पोचून पोच वाटेत मेली होती, हे मला इथं बसून कळायला मार्ग नव्हता. दोन्हीचा रंग स्क्रीनवर एकच. मी ही पद्धत निवडली तेव्हा लोकांना छाती ठोकून सांगितलं होतं, निरोप हरवला तर हरवला, परत पाठवू. त्या वेळी नदीत माझे अब्बा नव्हते.

"मी जाते नदीवर," अम्मी म्हणाली. तिच्या आवाजातूनच कळलं की तिला कळलंय.

"तुझ्यानं होणार न्हाई अम्मी. चिखल आहे, तुझे गुडघे..." अन् मागून परत ती पोथी ऐकू आली. पंचायतीवरून ऐकू यावी तशी, खणखणीत. "अम्मी, भोंगा देवळावर हाय ना? नदीपर्यंत जातो ना आवाज?"

"हाव. रोज पहाटे काकड्याला पलीकडच्या काठालाबी उठवतो."

"मग देवळात जा. माईक घे. त्यांना हाक मार."

"मी? माईकवर? पारायण चालू हाय कहकशां, सगळा गाव बसलाय..."

"अम्मी, पळ!"

पळाली. माझी अम्मी, बानो, जी दुकानात आलेल्या गिऱ्हाईकाशी पडद्याआडून बोलते, ती पळाली. फोन चालूच होता. तिचा दम, चपलांचा चिखलातला आवाज, एकदा काहीतरी आपटलं, "या अल्ला," परत दम. माझ्या समोर घड्याळ शून्यावर आलं.

"दार हललं," शिवशंकर म्हणाला.

बंधाऱ्याचा डबा दार किती वर गेलं ते कळवत राहतो. नेटवर्क मधूनच येत होतं तसे त्याचे निरोप गळत होते. अर्धा फूट. मग बराच वेळ काही न्हाई. मग दोन फूट. आमच्या 'थांब'ला उत्तर न्हाई ते न्हाईच.

अन् मग आलं, एक फूट.

"खाली येतंय!" शिवशंकर खुर्चीतून उठला. "कहकशां, दार खाली येतंय! थांबलं!"

एक क्षण मीबी उठले. मग निरोपावरचा, सुटतानाच पडलेला नंबर बघितला. तो निरोप दोन फुटांच्या आधी निघालेला होता, वाटेत कुठं रेंगाळला अन् मागून आला. दार खाली येत नव्हतं. दार कधीच एक फुटाच्या वर निघून गेलं होतं.

"जुना आहे," मी म्हटलं. "बस खाली."

फोनमध्ये पोथी थांबली. वाचायला चतुराबाई बसली होती. ही चतुराबाई म्हणजे ओवी अर्धी तुटली तर दिवसभर पाणी न पिणारी बाई. मी लहान असताना तिच्या वाचनात खोकले म्हणून मला मांडवाबाहेर काढलं होतं तिनं.

"काय गं बानो, पडलीस का? केवढा चिखल..."

अम्मीला दमानं बोलता येईना. "माईक... पाणी सोडलंय... हे नदीत हायत..."

मला वाटलं, आता ही विचारत बसेल, कोणी सांगितलं, कसं सांगितलं. चतुराबाईनं ओवी तशीच अर्धी टाकली.

"धर," एवढंच म्हणाली.

माईक खरखरला. अन् माझ्या अम्मीचा आवाज आला, एकदा फोनमधून जवळचा, अन् मागोमाग भोंग्यातून लांबचा.

"अहो... ऐकलं का..."

"अम्मी, नाव घे!" मी इकडून किंचाळले. "अहो म्हटल्यावर अर्धा गाव बघल! नाव घे!"

"कहकशांचे अब्बा... वर या..."

"नाव!"

अम्मीनं जन्मात त्यांचं नाव घेतलेलं न्हाई. दवाखान्यात कागद भरतानाबी माझ्याकडं बघते. मग तिनं असा आवाज काढला की माझ्या फोनचा स्पीकर फाटला.

"चांदपाशा! ओ चांदपाशा! पाणी सोडलंय! मोटार सोड, वर ये! हणमंतराव, वर या! चांदपाशा!"

परत, परत, परत. माझा प्रोग्रॅम 'थांब' फेकत होता तसं ती नाव फेकत राहिली. तिचा घसा बसला तेव्हा माईक चतुराबाईनं घेतला, मग मांडवातले सगळेच ओरडायला लागले, "चांदपाशा, वर या! हणमंता, वर ये!" कोणी म्हणालं, पोरांना नदीवर पळवा. कोणी म्हणालं, पाण्याचा आवाज यायलाय.

मग तो आवाज मलाबी आला. सगळ्या गलक्याच्या मागं, एकसारखा, वाढत जाणारा. सगळे हळूहळू गप झाले.

आता काही फेकायचं उरलं नव्हतं. मी फोन कानाला लावून उभी होते. ज्याला हाक मारली त्याला ती ऐकू गेली का, गेली तर वेळेत गेली का, हे सांगणारं कोणी नव्हतं. रागबी कुठं गेला कळेना. मी मनात म्हणत होते, अब्बा, एकदा. आयुष्यात एकदा पोचलो म्हणून सांगा. परत कधी मागणार न्हाई.

शिवशंकर माझ्याकडं बघत नव्हता. तो भिंतीकडं तोंड करून उभा होता.

फोनमध्ये टक टक झालं. कोणीतरी माईकवर बोट मारलं.

"हॅलो. हॅलो, चेक."

अब्बा! नदीतून मरता मरता वर आलेला माणूस, अन् माईक हातात आल्यावर आधी तपासून बघतो!

"हणमंतराव वर आले, मीबी आलो," अब्बा सगळ्या गावाला सांगत होते. दमानं शब्द तुटत होते. "मोटार गेली. दोरबी गेला. गाडी काठावरच होती, तीबी गेली." मागून अम्मी बसलेल्या घशानं काहीतरी पुटपुटली. "तुझी अम्मी म्हणते फोन चालू हाय. कहकशां, पोचलो बेटा. वर आलोय मी."

मी किती शिव्या जुळवून ठेवल्या होत्या! भोंगा कोणाला विचारून काढला, पाना कोणी दिला हातात, सगळं विचारणार होते. तोंड उघडलं अन् रडूच फुटलं. मोठ्यानं, लहान पोरीसारखं. अन् अम्मीनं फोन नेमका माईकजवळ धरलेला. नांदेडात बसून मी रडत होते अन् तिकडं पंचायतीच्या भोंग्यातून ते अख्ख्या गावावर, पार पलीकडच्या काठापर्यंत ऐकू जात होतं.

तेवढ्यात स्क्रीनवर बंधाऱ्याची पोच आली. थांबलो. मग एकामागं एक, थांबलो, थांबलो, थांबलो. शिवशंकरनं पुढं होऊन स्क्रीन बंद केली.

त्यानंतर आम्ही डब्यात एक छोटा माईक बसवला. आता भोंगा वाजल्याचं स्वतःच्या कानानं ऐकल्याशिवाय डबा पोच देत न्हाई. अब्बांनी भोंगा काल्याची वाट न बघता त्याच संध्याकाळी परत पंचायतीवर चढवला. चतुराबाईनं बाकीची पोथी बिनभोंग्याची वाचली, अन् कोणी कुरकुरलं तर त्याच्यावर डोळे काढले.

नवा माईक बसवल्यावर अब्बांनीच शिडीवरून फोन केला. "लावलाय. वाजव."

मी 'वाज' सोडलं. पोच आली, ठिपका हिरवा झाला. शिवशंकरनं मान हलवली, झालं म्हणून.

"अब्बा," मी म्हटलं, "फोन वर धरा. मला ऐकू द्या."