उसाचा कार्बन

व्यापाऱ्याने मला ओळखलं नाही. मी मात्र त्याला नुसत्या खोकण्यावरून ओळखलं असतं. प्रयोगशाळेच्या खिडकीतून मधाची बाटली आत सरकवत तो म्हणाला, "मॅडम, जरा लवकर बघा. माल बंदरात अडकलाय."

"बघते की," मी म्हणाले. इतका गोड आवाज मी घरच्यांसाठीही कधी काढला नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी याच माणसाने माझ्या वडिलांचा मध भर बाजारात परत केला होता. तपासणीचा कागद सगळ्यांसमोर नाचवून म्हणाला, "यात साखर आहे." बाबांनी जन्मात मधात चमचाभर साखर घातली नव्हती. पण लोकांनी तोंडं फिरवली, माश्यांच्या पेट्या विकाव्या लागल्या आणि बाबा घराबाहेर पडेनासे झाले. मी रसायनशास्त्र घेतलं ते काही आवडीने नाही. सूड उगवायला दुसरा विषय नव्हता.

ओळखीच्या माणसाचा नमुना सहकाऱ्याकडे सोपवायचा असा आमच्याकडे नियम आहे. मी सोपवला नाही.

कार्बनच्या अणूत प्रोटॉन सहाच, त्यात सूट नाही. न्यूट्रॉन मात्र बहुतेकांत सहा, थोड्यांत सात. सातवाला त्याच घरातला, फक्त अंगाने जड. अशा भावंडांना समस्थानिक म्हणतात. हे जड भावंड उसाच्या साखरेत फुलांच्या रसातल्यापेक्षा किंचित जास्त असतं. म्हणून मध जाळून त्याचा वायू करायचा. तो आहे तसा चुंबकाला भीक घालत नाही. पण त्याच्या कणातला एक इलेक्ट्रॉन उडवला की तो आयन होतो, आणि मग चुंबक नेईल तिकडे वळतो. हलका जास्त वळतो, जड कमी. कुठे किती पोचले ते यंत्र मोजतं.

मी तीनदा मोजलं. उसाची साखर एकोणीस टक्के! सातपर्यंत चालते. मी एकटीनेच खोलीत टाळ्या पिटल्या. सापडलास एकदाचा, लेका!

अहवालावर सही राहिली होती, तरी आधी घरी गेले. बाबा चष्म्याचा स्क्रू पिळत बसले होते.

"बाबा, तुमचा व्यापारी अडकला. एकोणीस टक्के साखर!"

ते हसले नाहीत. "त्याला माल देणाऱ्यांनी पाक दिला असेल गं. यंदा फुलोरा कुठे होता?"

"कसला पाक?"

"साखरेचा. फुलं नसली की माश्या उपाशी मरतात. मीही द्यायचो."

"पण पेटीतली वरची मधाची कोठी काढून ठेवून ना?"

"ती कशाला काढायची? भुकेल्या माश्या खाऊन टाकतात. साठवतात थोड्याच!"

साठवतात. पाक मिळाला की त्या वरची कोठी भरायला लागतात, आणि आपण तोच मध म्हणून काढतो. बाबांनी फसवलं नव्हतं. व्यापाऱ्याचा कागदही खोटा नव्हता.

"आता तरी लोकांना पटेल ना, माझा मध शुद्ध होता?" बाबांनी विचारलं.

"पटेल," मी म्हणाले.

अहवालात शेऱ्यासाठी जागा असते. 'माश्यांना दिलेल्या पाकामुळेही असे होऊ शकते' एवढं लिहिलं की माल जप्त करण्याआधी पेट्या तपासाव्या लागतात. बाबांच्या वेळी कुणी ते लिहिलं नव्हतं, म्हणून ते चोर ठरले.

सकाळी व्यापारी खिडकीशी उभा होता. डोळे सुजलेले. "मॅडम, शप्पथ सांगतो, मी कणभरसुद्धा साखर मिसळलेली नाही."

तो खरं बोलत असावा, हे मला कळत होतं. लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण अकरा वर्षं पोसलेला राग असा एका ओळीत टाकून देणं मला जमेना, आणि खरं सांगायचं तर जमवायचंही नव्हतं.

शेऱ्याची जागा कोरी ठेवून मी सही केली. अक्षर नेहमीपेक्षा सुरेख आलं.