मागच्या सीटवरचं बोलणं

आलोशियसला घरात नाव नव्हतं. म्हणजे बाप्तिस्म्याला ठेवलेलं होतं, टेलिफोन खात्यातून रिटायर होताना मिळालेल्या मानपत्रावरही होतं, त्यात फक्त एक अक्षर कमी. पण रेजिना त्याला ‘ऐकता का’ म्हणायची, लग्न झाल्यापासून. आणि आलोशियसला धड ऐकू यायचं नाही, हेही लग्न झाल्यापासूनच.

त्यात त्याच्या कानांचा दोष नव्हता. घरात रेजिना मोजकंच बोलायची. भात वाढू का, गॅस संपला, टँकर आला. एवढं ऐकायला कान फार लागत नाहीत. ती खरी बोलायची ती शनिवारी संध्याकाळी, बुलेटच्या मागच्या सीटवर. सांडोरहून कळंबला, रविवारच्या कालवणाची मासळी आणायला. वसईत मासळीचा दुष्काळ नव्हता, पण कळंबची ताजी असते असं दोघांनी कधीतरी ठरवलं होतं आणि पुन्हा तपासलं नव्हतं. भुईगाव मागे पडलं, वारा लागला की मागून बोलणं सुरू व्हायचं ते कळंबची सुरूची झाडं दिसेपर्यंत. बुलेटच्या धडधडीत त्यातला एक शब्द त्याच्यापर्यंत पोचायचा नाही. कोणीतरी बोलतंय, इतकंच कळायचं. मधे आवाज थांबला की तो “हं” म्हणायचा. मग तो पुन्हा सुरू व्हायचा. त्यांचा संसार या ‘हं’वर चालला होता, आणि चारचौघांपेक्षा बरा चालला होता.

मग मुलगा कॅल्विन कॅनडाला गेला, आलोशियस रिटायर झाला आणि घरात दोन माणसं आणि एक भिंतीवरचं घड्याळ उरलं. तिघांत घड्याळ बोलकं. उभा जन्म ज्यानं लोकांच्या लायनी जोडल्या आणि त्यांतली खरखर काढली, तो गप्प घरात बसला की त्याला सारखं वाटतं, कुठेतरी लाईन तुटली आहे आणि तक्रार कोणीच करत नाही. त्यानं स्वतः प्रयत्न करून पाहिला.

“आज वारं आहे,” तो म्हणायचा.

“आहे,” रेजिना म्हणायची.

विषय संपायचा. आणि हीच बाई शनिवारी कळंबपर्यंत तोंड मिटत नाही. काय बोलते? पेपर वाचता वाचता, केळीच्या बागेत फेरी मारता मारता त्याच्या मनात दुसरं काही येईना. आता आयुष्यात तेवढंच ऐकायचं राहिलं आहे असं त्याला वाटू लागलं. सरळ विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर आजवरच्या सगळ्या ‘हं’ची चौकशी लागली असती.

अशात २००८ च्या नाताळाला कॅल्विन फोनवर म्हणाला, “डॅडी, इथे बाईकवाले हेल्मेटमध्ये ब्लूटूथ लावतात. चालवणारा आणि मागे बसलेला, दोघं बोलतात. अगदी जेवणाच्या टेबलावर बोलावं तसं.”

आपल्या घरी जेवणाच्या टेबलावर कसं बोलतात हे पोरगा विसरला होता. पण आलोशियस इतक्या झटकन “पाठव” म्हणाला की कॅल्विननं विचारलं, “तुम्ही बरे आहात ना?”

खोकं आलं. आत काडेपेटीएवढे दोन डबे, चपट्या स्पीकरच्या दोन जोड्या, वायरीच्या टोकाला वाटाण्याएवढे दोन माइक. आलोशियसनं दोन हेल्मेटं विकत आणली, त्यांचं अस्तर उसवलं, कानाच्या जागी स्पीकर चिकटवले, माइक ओठांसमोर आणला. डबे डाव्या कडेला बसवले. मग दोन्हींची बटणं लाल-निळे दिवे आळीपाळीनं लुकलुकेपर्यंत दाबून धरायची, म्हणजे डबे एकमेकांना ओळखतात. ते आधी आलोशियसच्या मोबाईललाच ओळखून बसले. दुसऱ्या खेपेला एकानं ओळख दाखवली, दुसऱ्यानं नाही. आलोशियसला त्यात नवीन काही वाटलं नाही. शेवटी दोन्ही दिवे निळे झाले आणि एका लयीत मिचकू लागले, तेव्हा त्यानं रेजिनाच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं. अंबाडा आत मावेना. तिनं मुकाट्यानं अंबाडा सोडून वेणी घातली.

“आता बागेत लांब जाऊन उभी राहा.”

ती केळीत जाऊन उभी राहिली. कुंपणापलीकडून सॅन्टननं पाहिलं. सॅन्टन शेजारी होता, आणि शेजारधर्म तो कधी चुकवत नसे.

“काय रेजिनाबाय, केळी हल्ली डोक्यात पडतात काय?”

“यांना विचार.”

“हॅलो,” आलोशियस ओट्यावरून ओरडला. “ऐकू येतंय का?”

“येतंय,” ती अगदी कानात म्हणाली. “सॅन्टनलाही येतंय. ओरडू नका.”

इतक्या जवळून तिचा आवाज त्यानं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

शनिवारी निघाले. पापडी गेली, भुईगाव गेलं, वारा लागला. कानात रेजिनाचा श्वास येत होता. येत होता, जात होता. निर्मळ आलं तरी श्वासच.

“बोल ना,” आलोशियस म्हणाला.

“काय बोलू?”

“नेहमी बोलतेस ते.”

“नेहमी काय बोलते मी?”

आलोशियसला यावर एकच उत्तर ठाऊक होतं.

“हं,” तो म्हणाला.

पुढचे शनिवार तसेच. टेलिफोन खात्यात असं व्हायचं; नवीकोरी लाईन, खरखर नाही आणि पलीकडे रिसीव्हर धरून कोणी बोलतच नाही. त्याला वाटलं, सवय होईल. त्यानं माइक थोडा खाली घेतला. स्पीकर सरकवला. यंत्रात दोष शोधत राहिला, कारण दोष यंत्रात असला तर तो दुरुस्त करणं त्याच्या हातात होतं.

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ, सुरू झाला त्या शनिवारी भुईगावच्या नाक्यावर रेजिनाचा हात हेल्मेटकडे गेला आणि कानात ‘टुक’ झालं. बटण दाबलं की वस्तू बंद, असा घरातल्या दिव्या-पंख्यांचा कायदा. या डब्याचा कायदा निराळा होता. बंद करायचा तर बटण बराच वेळ दाबून धरावं लागे. नुसतं टुक केलं की आवाज एक पायरी वाढे. आलोशियसनं तिला हे सांगितलं नव्हतं. बंद करायची वेळ येईल असं त्याला वाटलंच नव्हतं.

आणि बोलणं सुरू झालं.

“आये,” रेजिना म्हणाली, “आपल्या हिरीचं पानी पार खारं जालं गो. सगली वरडतात टँकर टँकर करून. मी मातर गुपचूप वाटीभर पिते. पाचूबंदरला तुज्याकडं आसंच पानी व्हतं.”

बोली पाचूबंदरच्या कोळीवाड्याची होती. हीच बोली घेऊन रेजिना या घरात आली होती. पहिल्याच आठवड्यात जेवताना तिनं ‘पानी’ मागितलं आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले, तोही हसला. वाईट मनानं नव्हे, जेवताना हसतात तसे. दुसऱ्या दिवसापासून ती फादर वाचतात तसं स्वच्छ मराठी बोलू लागली. सगळ्यांना कौतुक वाटलं, आणि मग लक्षातही राहिलं नाही. सासू गेली, रेजिनाची आई त्याच्याही आधी गेली, भाऊ गोराईला गेला. त्या बोलीत बोलायला तिला कोणी उरलं नव्हतं.

“कॅल्विन इचारतो, बरी हास का. काय सांगू त्याला? हितं कोन बोलतंय माज्यासंगं? हा हाय. बरा हाय बापडा. दिसभर पेपर वाचतो, नि आज वारं हाय म्हनून सांगतो.”

ती थांबली. वाट पाहत थांबली. ही त्याची जागा होती. इथे ‘हं’ म्हणायचं होतं. इतक्या वर्षांत तेवढंच एक काम त्यानं न चुकता केलं होतं, पण आज तो ऐकण्यात गुंतला होता.

“आये?” रेजिना म्हणाली.

आणि आलोशियस बोलून गेला, “मी आहे ना गं बोलायला.”

कानात श्वाससुद्धा थांबला.

“हे चालू होतं?” तिनं विचारलं, शुद्ध, फादरच्या मराठीत.

“हो.”

“बरं,” ती म्हणाली.

कळंबला तिनं घासाघीस करून बोंबील घेतले. येताना पिशवी दोघांच्या मधे ठेवली.

आलोशियसनं दोन्ही हेल्मेटांतलं सगळं उचकटून खोक्यात भरलं, खोकं कपाटावर टाकलं. तिला दाखवून टाकलं. पुढच्या शनिवारी दोघं पूर्वीसारखे बोडक्यानं निघाले. मागे काही नाही. त्यानं भुईगावला एकदा “हं” म्हणून पाहिलं. निर्मळला एकदा म्हटलं. काही सुरू झालं नाही. हा माणूस ऐकू शकतो, हे तिला आता ठाऊक झालं होतं, आणि ते कपाटावर टाकता येत नव्हतं.

एका सकाळी तो बुलेट घेऊन गोखिवऱ्याला जयराम मेकॅनिककडे गेला.

“सायलेन्सरची जाळी काढून टाक.”

“काका, ती कॉलेजची पोरं काढतात,” जयराम म्हणाला. “फार बोंबलेल गाडी.”

“बोंबलू दे.”

“मागे काकी बसतात ना? त्यांचा आवाजसुद्धा ऐकू येणार नाही तुम्हाला.”

“तू जाळी काढ,” आलोशियस म्हणाला.

शनिवारी त्यानं अंगणात किक मारली तेव्हा केळीतले कावळे उडाले आणि सॅन्टन कानात बोटं घालून कुंपणापाशी आला. तो काय म्हणाला ते कळलं नाही. ही गाडीची चाचणीच झाली. रेजिना पायरीवर उभी राहून गाडीकडे, मग आलोशियसकडे बघत राहिली. आत गेली आणि हेल्मेट घेऊन आली. त्यानं गाडी बंद केली.

“त्यात आता काही नाही,” तो म्हणाला. “सगळं काढलंय.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. तिनं बोट घालून अस्तर चाचपलं, आधी एका कानाकडचं, मग दुसऱ्याकडचं. मग वेणी आत सारून हेल्मेट घातलं आणि पुढची काळी काच खाली ओढली.

भुईगाव गेलं, वारा लागला. बुलेट अशी कडकडत होती की आलोशियसला स्वतःचा श्वास ऐकू येत नव्हता. मागे कोणी बोलतंय इतकंही आता कळायला मार्ग नव्हता. आरशात काळी काच दिसत होती, आणि काचेत मागे पळणारा रस्ता.

अंदाजानं एका वळणावर तो “हं” म्हणाला. थोडं थांबून पुन्हा म्हणाला. मग कळंबची सुरूची झाडं दिसेपर्यंत म्हणत राहिला.