डिकीवरचा पट्टा

माझा हात सरळ आहे, तोंड नाही, असं वहिनी म्हणते. खरंच आहे ते. पंचवीस वर्षं मी गाड्यांवर पट्टे चिकटवतेय. त्यातला एक वाकडा दाखवा, उद्यापासून दुकानाला कुलूप. तोंडाचं म्हणाल तर ते आमच्या वडलांचंही असंच होतं, त्याला मी काय करू?

लोक ह्या कामाला रेडियम म्हणतात. असतं ते पाठीला गोंद लावलेलं प्लॅस्टिक. काढता येणारे पट्टे हवे असले की मऊ गोंदाचा रोल घ्यायचा. आज लावा, आठवड्याने ओढून काढा, खाली बोटभर डाग राहत नाही. अट एकच, रंग वाळलेला हवा. नुसता वरून नव्हे, आतून. नवा रंग हाताला कोरडा लागला तरी दोन-तीन आठवडे आतली वाफ सोडत असतो. त्याच्यावर पट्टा लावलात की वाफ अडते, फोड येतात, आणि पट्टा ओढला की रंगही त्याच्याबरोबर चालता होतो.

माझं आणि दादाचं बिनसलं ते ह्याच्यावरूनच.

दादा माझा थोरला भाऊ, गाड्यांचा रंगारी. वडलांचं गॅरेज तोच चालवतो. सात वर्षांपूर्वी एका जुन्या काळ्या गाडीला त्याने रंग दिला आणि पट्टे मी लावले. ‘महिना झालाय,’ तो म्हणाला, मी विश्वास ठेवला. पंधरा दिवसांनी मालकासमोर पट्टा ओढला तर दारावरचा रंग कांद्याच्या सालीसारखा सोलून आला. माझं डोकंच फिरलं. मी मालकासमोरच म्हणाले, “दादा, दारावर तू मागाहून हात मारलास. ओघळ आला असणार, तो घासून पुन्हा रंग दिलास आणि मला सांगितलं नाहीस.”

आता रंगाऱ्याला ओघळ आला असं चारचौघांत म्हणणं म्हणजे त्याचं नाक कापणं. रंग जास्त पडून खाली ओघळतो, तो नवशिक्याच्या हातून. दादा लालबुंद झाला. “माझ्या हातून ओघळ येत नाही,” म्हणाला, “तुझा गोंदच भिकार.”

झालं. तेव्हापासून आम्ही बोललो नाही. तो माझ्या गोंदाला नावं ठेवत फिरला आणि मी गावभर सांगत फिरले की माझा भाऊ खोटारडा आहे. सांगताना मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आणि परवा डॉक्टरबाई दुकानात आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, अर्ध्या गावाची बाळंतपणं केलेल्या, आवाज असा की ऐकून अजूनही बाई कळा द्यायला लागेल. त्यांच्या वडलांची जुनी दोन दारांची गाडी त्यांनी दादाकडून रंगवून घेतली होती. रविवारी जुन्या गाड्यांची फेरी होती आणि बाईंना त्यात पट्टे लावून जायचं होतं.

“वडलांनी बघितलं असतं तर मला घराबाहेर काढलं असतं,” त्या म्हणाल्या. “म्हणून एक दिवस पट्टे, सोमवारी पुन्हा सोज्वळ. दोन क्रीम पट्टे, नाकापासून शेपटीपर्यंत.”

“दादाच्या रंगाला मी हात लावत नाही, बाई.”

“त्याचा रंग आणि तुझे पट्टे. मला दुसरं कुणी नको. भांडण तुमचं आहे, गाडी माझी आहे.”

शुक्रवारी दुपारी मी रोल काखोटीला मारून गॅरेजमध्ये गेले. धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी मारलेलं होतं. गाडी मधोमध उभी. गडद बाटलीहिरवा रंग, आणि तो असा खोल की त्यात हात बुडवावासा वाटला. मनातल्या मनात म्हटलं, खोटारडा असेल, पण हात देवाचा आहे.

दादाने मला पाहिलं आणि गाडीला सांगितलं, “बावीस दिवस झालेत म्हणावं शेवटच्या हाताला.”

मीही गाडीलाच सांगितलं, “आमचा कुणाच्या शब्दावर विश्वास नाही म्हणावं. आम्ही तपासून घेतो.”

“घ्या म्हणावं.”

बिचारी गाडी. मी त्याच रोलचे तळहाताएवढे तुकडे कापले. एक बॉनेटवर, एक टपावर, एक डिकीवर चिकटवला आणि घरी गेले. रात्रभरात आतली वाफ असेल तर तुकड्याखाली दिसते. सात वर्षांपूर्वी मी हे केलं नव्हतं. भावाला कोण तपासतं?

शनिवारी सकाळी बॉनेटवरचा तुकडा काढला, स्वच्छ. टपावरचा काढला, तोही स्वच्छ. डिकीवरच्या तुकड्याखाली मात्र टाचणीच्या डोक्याएवढे फोड, वीसेक तरी. नाक जवळ नेलं तर रंगाचा वासही आला. बावीस दिवस कसले? डिकीवर हात मारून पाच दिवससुद्धा झाले नव्हते.

सापडला चोर! मला इतका आनंद झाला की तोंडातून शीळच यायची बाकी होती. डॉक्टरबाई बाराला येणार होत्या. तेव्हाच, त्यांच्यासमोर, दादाच्या डोळ्यांदेखत तो तुकडा दाखवायचा असं मी ठरवलं. सात वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं मनात जुळवून ठेवलं. तुकडा खिशात घातला.

तरी जाता जाता एक संधी दिली. गाडीला नव्हे, त्यालाच विचारलं. “डिकी कधी मारलीस?”

“सगळी गाडी एकदमच,” तो म्हणाला आणि पाठ फिरवून डबे पुसायला लागला. डबे पुसलेलेच होते.

म्हटलं, ठीक आहे. बारा वाजू देत.

बॉनेटपासून सुरुवात केली. जुन्या गाड्यांचं एक असतं, त्या मापात बसत नाहीत. पत्रा हाताने ठोकलेला. दोन्ही कडांपासून टेप लावून मध्य काढलात की पट्टा हमखास वाकडा दिसतो, कारण गाडीच अर्धं बोट डावीकडे कललेली असते. म्हणून टेपनं मध्य काढायचा, दोरा ताणायचा, आणि मग दहा पावलं मागं जाऊन डोळा सांगेल तसा दोरा सरकवायचा. टेप आणि डोळा यांचं जमलं नाही तर डोळ्याचं ऐकायचं. वडलांनी आम्हा दोघांना हेच शिकवलं. मी दोरा तीनदा सरकवला, खुणेसाठी पिवळ्या चिकटपट्टीचे तुकडे लावले, पट्टा सरकवता यावा म्हणून साबणाचं पाणी फवारलं.

आता तीन मीटरचा पट्टा एकटीनं कसा धरणार? एक टोक दुसऱ्यानं धरायलाच लागतं. मी दादाकडे बघितलं. त्यानं गाडीकडे बघितलं. मग हात पुसत आला आणि टोक धरलं.

काय सांगू, सात वर्षं बोलणं नव्हतं, पण त्याच्या हाताचा ताण मला तसाच ठाऊक होता. मी जेवढं ओढलं तेवढंच त्यानं सोडलं. पट्टा हवेत दोरीसारखा सरळ झाला. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटलं म्हणून रागही आला.

“खुणेवर टेकव,” मी म्हणाले.

तो वाकला. आणखी वाकला. नाक रंगाला लागेल इतका वाकला. श्वासाची वाफ बॉनेटवर उमटली. मग त्यानं एक हात सोडला आणि अंगठ्यानं पत्रा चाचपायला लागला.

“खूण कुठाय?”

खूण त्याच्या नाकासमोर होती. पिवळीधमक, हिरव्यावर. गॅरेजचं दार उघडं होतं, ऊन आत आलेलं. मला वाटलं, मुद्दाम करतोय. पण अंगठा खुणेपासून दोन बोटं अलीकडे फिरत होता आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता.

“डावीकडे,” मी म्हणाले. “अजून थोडं. हं, तिथेच.”

त्यानं टोक टेकवलं. मी पाणी दाबून काढायला लागले, मधून कडेकडे, प्लॅस्टिकच्या कार्डानं. हात आपलं काम करत होते आणि डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. ह्याला दिसत नाही. ओघळ आला तर तो ह्याला दिसतच नाही, कुणीतरी उन्हात दाखवला किंवा बोटाला लागला की मग कळतो. मग हा गुपचूप घासतो, पुन्हा हात मारतो आणि तोंड शिवून बसतो. रंगाऱ्याचे डोळे गेले हे गावाला कळलं तर गाडी कोण देणार? गॅरेज बंद. त्याला दुसरं काहीसुद्धा येत नाही. कुकर लावायला सांगितला तर पाणी विसरतो.

बॉनेट झालं, टप झाला. दोन्ही पट्टे मागच्या काचेपर्यंत आले. मी मागं जाऊन बघितलं. सुरेख. मग डिकीसमोर उभी राहिले आणि खिशातला तुकडा हाताला लागला.

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. हातातली काठी जमिनीवर आपटत गाडीभोवती एक चक्कर मारली. “वा! वा गं पोरी!” मी बावन्न वर्षांची आहे. मग मागं आल्या आणि थांबल्या. “डिकी राहिली?”

दादा खांबाला टेकून उभा होता. त्यानं मान खाली घातली. त्याला सगळं माहीत होतं, तुकडा माझ्या खिशात आहे हेही. वाट बघत होता माझ्या तोंडाची.

“डिकीवर पट्टे नाही लागायचे, बाई,” मी म्हणाले. “माझं चुकलं. माप चुकलं माझं, रोल कमी पडला.”

“तुझं माप चुकलं?”

“हो.”

“तुझं?”

“सांगितलं ना, चुकलं म्हणून!” मी जवळजवळ ओरडलेच. खोटं बोलायची सवय नाही, मग आवाज चढतो. “काचेपाशी संपवलेत, वाईट दिसत नाहीत. पुष्कळ गाड्यांना तेवढेच असतात.”

“मला शेपटीपर्यंत हवे होते,” बाई म्हणाल्या. “एवढी वर्षं तुझं नाव ऐकतेय मी. साधं मोजता आलं नाही?”

ते वाक्य गिळायला मला फार जड गेलं. मी खाली बसून दोरा गुंडाळायला लागले. पुढच्या आठवड्यात हे गावभर होणार होतं. होऊ दे, म्हटलं.

“तिचं माप चुकत नाही,” दादा म्हणाला.

आम्ही दोघी वळलो. तो खांबापासून पुढे आला होता.

“डिकीला ओघळ आला होता, बाई. माझ्या हातून. वहिनी… म्हणजे माझी बायको झाडू मारत होती, तिला दिसला. मला नाही दिसला. मंगळवारी घासून पुन्हा मारला मी. रंग ओला आहे आतून, म्हणून ती पट्टा लावत नाहीये.” मग माझ्याकडे वळला. बायकोला माझ्यासमोर ‘वहिनी’ म्हणण्याइतका गडबडला होता बिचारा. “आणि त्या काळ्या गाडीचं दारही. तेही मीच मारलं होतं मागाहून. तुझा गोंद चांगला होता.”

सात वर्षं मी ह्या वाक्याची वाट बघितली होती. उत्तर तयार होतं, अगदी पाठ होतं. पण सात वर्षं मी ह्याला खोटारडा म्हणत फिरले आणि हा आंधळा होत होता. मला रडूच फुटलं, भर दुपारी, साबणाच्या पाण्यात बसल्या बसल्या.

डॉक्टरबाईंनी काठी माझ्या हातात दिली, दादाला हनुवटीला धरून दारातल्या उन्हाकडे वळवलं आणि त्याची पापणी वर केली. मग दुसरी.

“मी बाळंतपणाची डॉक्टर आहे, डोळ्यांची नव्हे,” त्या म्हणाल्या. “पण एवढं मलाही कळतं. पांढरं दिसतंय आत. मोतीबिंदू असणार, दोन्हीकडे, चांगला पिकलेला. कुणाला दाखवलं नाहीस?”

“दाखवलं असतं तर कळलं असतं सगळ्यांना.”

“अरे गाढवा, काढतात तो! अर्ध्या तासात काढतात!”

“अर्ध्या तासात?” दादा म्हणाला.

“अर्ध्या तासात?” मी उठून उभी राहिले. “आणि त्याच्यासाठी सात वर्षं? वहिनीनं जेवायला बोलावलं तर मी दारातून परत जायचे, आणि तुला अर्धा तास मिळाला नाही?”

“ओरडू नकोस गं.”

“ओरडणार! मी ओरडणार नाही तर कोण ओरडणार?”

“सोमवारी माझ्याबरोबर चल,” बाई त्याला म्हणाल्या. “ह्याच गाडीतून नेते, आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे. डिकीचं पुढच्या फेरीला बघू.” त्यांनी माझ्याकडून काठी घेतली, चालकाच्या जागेवर जाऊन बसल्या आणि चाक धरून उगाच हॉर्न वाजवून बघितला.

मी नाक पुसलं. दादा बॉनेटपाशी गेला, वाकला, पट्ट्यांवरून तळहात फिरवला.

“सरळ आलेत का गं?” त्यानं हळूच विचारलं, बाईंना ऐकू जाऊ नये इतकं हळू. “खरं सांग. मला चार दिसतात.”

मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

“चारही सरळ आहेत, दादा,” मी म्हणाले.