बारीक बेंड

वेरावळच्या धक्क्यावर खलाशांनी होड्या ओढाव्यात, विजेच्या तारा नव्हेत. पण आमच्या दाजींना हे कोण सांगणार! एक तर बहिणीचा नवरा, त्यात ठेकेदार. बर्फाच्या कारखान्यात त्यांनी तारांसाठी जाड लोखंडी पाइप टाकले आणि वळणांवर मात्र स्वस्तातले बारीक बेंड बसवले. तारा तिथे अडकल्या. मग यांनी खलाशी बोलावले आणि 'जोर लगाके हैशा' करत त्या होडीसारख्या खेचून घेतल्या.

मी कारखान्याचा वायरमन. तारा तपासायला मेगर लावला, तर काटा थेट शून्यावर. म्हणजे आत कुठेतरी तारेची साल निघून तांबं पाइपाला टेकलं होतं. त्याच पाइपाशेजारी, खाऱ्या पाण्यात अनवाणी उभा राहून माझा धाकटा भाऊ भिखू बर्फाच्या लाद्या काढतो.

"चालू कर, वालजी," दाजी म्हणाले. "बोटी बर्फासाठी खोळंबल्यात."

"आधी सगळे बेंड बदला. तारा नव्या घाला."

"तुझ्या मीटरला खारी हवा लागलीय. चालू कर म्हणतो ना!"

मी एक बेंड खोलून तार बाहेर ओढली. साल पार सोललेली, तांबं उघडं. ती त्यांच्या नाकासमोर धरली.

"मला शिकवतोस?" म्हणत दाजींनी हातातला पाइपाचा तुकडा माझ्या कपाळावर हाणला. डोळ्यात रक्त उतरलं.

आमच्यात बहिणीच्या नवऱ्यावर हात उचलत नाहीत. मी उचलला. त्यांचा ओठ फाटला, एक दात पाण्यात पडला. भिखू धावत आला आणि त्याने मागून मलाच कव घातली.

"भाई, दाजी आहेत ते! आपल्या रतनबेनचा तरी विचार कर! तुझं जिथे तिथे हे असलं खुसपट!"

माझं डोकंच फिरलं. जीव याचा जायचा, आणि हा बाजू घेतो दाजींची! त्याच्या बरगडीत कोपर घातलं, तसा तो कळवळून खाली बसला. मी दाजींना बोर्डाकडे फरफटत नेलं, लाथेने त्यांच्या चपला उडवल्या आणि त्यांचा हात पाइपावर दाबून धरला. माझा दुसरा हात मेन स्विचच्या दांड्यावर होता.

"काम चोख आहे ना? मग धरा पाइप. करतो चालू."

"नको!" दाजी किंचाळले. "वालजी, सोड! मरेन मी!"

मी खरंच चालू केलं असतं का? त्या क्षणी, हो. केलं असतं.

भिखू बरगडी धरून उठला. दाजींकडे बघतच राहिला.

"दाजी, मी इथे रोज उभा असतो."

भिखूने त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. ते पाण्यात पडले, तसा तो छातीवर बसून मारतच सुटला. आता त्याला ओढून काढायची पाळी माझ्यावर आली, पण तो हलेना. रडत होता आणि मारत होता.

"तुम्हाला माहीत होतं, दाजी! तुम्हाला माहीत होतं!"