चार तासांनंतरही तिथंच

मित्रांनो, मी कॅमेरा आहे खरा, पण माझ्यासमोर येऊन कुणी कधी हसलं नाही. आता मी जुना झालोय, रंग उडालाय, आणि सध्या मला राग आलेला आहे. तो गिळून गोड गोड बोलणं मला जमणार नाही. तेव्हा ऐकायचं तर तसंच ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या आत काचेसारखा जाड स्फटिक बसवला, त्यामागे नळ्यांची रांग लावली आणि वरून शिशाचं जडशीळ आवरण चढवलं. उजेड मला दिसत नाही. माणसाला एक औषध देतात, त्यातून अगदी मंद किरण निघतात. ते पकडायचे आणि पडद्यावर ठिपके उमटवायचे, एवढंच मला येतं. जिथे औषध, तिथे ठिपके. पण तेवढं काम मी चोख करतो.

इस्पितळात आलो तेव्हा माझा काय थाट होता! बड्या बड्या डॉक्टरांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतले. पुढे नवी यंत्रं आली आणि मला तळघरात हलवलं. हलवताना लिफ्टच्या दाराला माझा कोपरा घासला, त्याला कुणी रंगाचं बोटही लावलं नाही. छताला ओल, एक पलंग, एक खुर्ची आणि माझ्या तंत्रज्ञ बाई, एवढाच संसार उरला. वरच्यांना कंटाळवाणी वाटणारी कामं माझ्या वाट्याला येऊ लागली. त्यातलंच एक म्हणजे पोट किती वेळात रिकामं होतं ते बघणं.

उपाशीपोटी आलेल्या माणसाला अंड्याचा पांढरा भाग आणि पाव खायला देतात. अंड्यात ते औषध मिसळलेलं असतं. खाल्ल्याबरोबर मी एक चित्र काढतो, मग अधूनमधून, आणि शेवटचं चार तासांनी. चांगल्या पोटातून तोवर जवळजवळ सगळं अन्न पुढे आतड्यात उतरलेलं असतं.

एका सकाळी एक बाई आली. ती तलावावर मुलांना पोहायला शिकवायची आणि मुलं तिला मासोळी म्हणायची. मीही तेच म्हणेन. तिच्या खांद्यांची हाडं कपड्यांतून वर आली होती. दोन वर्षांमागे तिला कसलासा ताप आला होता. ताप गेला, पण पोट काही ताळ्यावर आलं नाही. दोन घास खाल्ले की पोट तट्ट फुगायचं, आणि सकाळी खाल्लेलं संध्याकाळी जसंच्या तसं बाहेर पडायचं. एकदा हे तलावाच्या काठावर, मुलांच्या देखत झालं. पालकांनी ओरड केली आणि व्यवस्थापकांनी तिला उचलून तिकिटाच्या खिडकीत बसवलं.

सोबत तिचा थोरला भाऊ होता. गाडीतून आणणं, खुर्ची ओढून देणं, पाणी हवं का विचारणं, सगळं दादा प्रेमानेच करत होता. आणि त्याच दमात तंत्रज्ञ बाईंना सांगतही होता, की हिचं लहानपणापासून असंच, ताटावर बसली की शंभर नखरे. दोन डॉक्टरांनी मनावरचा ताण म्हणून सांगितलंय, तरी हिचं आपलं चालूच. मासोळी पावाचा तुकडा चघळत भिंतीकडे बघत होती. ही वाक्यं तिला तोंडपाठ झालेली दिसत होती.

चार तासांनी मी शेवटचं चित्र काढलं. निम्म्याहून जास्त अन्न पोटातच होतं, दार उघडत नाही म्हणून बाहेर ताटकळलेल्या माणसांसारखं.

तंत्रज्ञ बाईंनी पडदा मासोळीकडे वळवला. मासोळी उठून बसली आणि किती तरी वेळ बघत राहिली. मग तिला रडू फुटलं.

"म्हणजे आहे," ती म्हणाली. "खरंच आहे."

दादाने पडद्याकडे पाहिलं, मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मशीन जुनं दिसतंय," तो म्हणाला.

मित्रांनो, माझं डोकं असं फिरलं की तिथल्या तिथे ठिणग्या उडवाव्यात. पण मी बिघडलो असतो तर त्याचंच म्हणणं खरं ठरलं असतं. म्हणून निमूट गुरगुरत राहिलो.

मग पोटात दुर्बीण घालून तपासणारे डॉक्टर खाली आले. त्यांनी समजावून सांगितलं, की पोटाच्या खालच्या तोंडाशी स्नायूचं एक वळं असतं. ते सैल पडलं की अन्न पुढे सरकतं. मासोळीचं वळं बहुधा आवळलेलंच राहत होतं. डॉक्टर एका नव्या उपायाची चाचणी घेत होते. तोंडातून दुर्बीण घालायची, पोटाच्या अस्तराखालून वाट काढायची आणि ते वळं आतूनच कापून मोकळं करायचं. पण याने खरोखर गुण येतो, की काहीतरी केलं म्हणून नुसतं बरं वाटतं, हे कळायला हवं होतं. म्हणून चिठ्ठ्या टाकून निम्म्या लोकांचं वळं कापायचं आणि निम्म्यांना भूल देऊन दुर्बीण फक्त आत घालून बाहेर काढायची. कोणाच्या वाट्याला काय आलं हे दुर्बीण धरणाऱ्यांखेरीज सहा महिने कुणालाच कळणार नव्हतं. मलाही नाही. ज्यांचं कापलं नाही, त्यांना पुढे तो उपाय करून घेता येणार होता.

दादा म्हणाला, ही काय सोडत आहे का चिठ्ठ्या काढायला. मासोळीने सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि सही केली.

सहा महिन्यांनी ती आली ती आणखीच वाळलेली. बाईंना सांगत होती, की दुर्बीण झाल्यावर सुरुवातीला पोट हलकं वाटलं. एकदा तर अख्खा उकडलेला बटाटा खाल्ला आणि तो राहिला. घरभर सांगत सुटली, की आता मी पाण्यात उतरणार. मग पुन्हा उलट्या सुरू झाल्या. दादाने आत्याला, काकांना, मामीला, सगळ्यांना फोन केले, की बघा, इतकं करूनही तेच, मी म्हणत होतो ते काय खोटं होतं?

मी चित्र काढलं. अन्न तिथंच.

डॉक्टर येऊन समोर बसले आणि म्हणाले, की आता सांगायला हरकत नाही. तुमचं वळं कापलेलंच नव्हतं.

आधी दादाच पुढे सरकला.

"मग तेव्हा तुला बरं कसं वाटलं?" त्याने विचारलं. "काही केलंच नव्हतं ना? म्हणजे डोक्यातलंच."

मासोळी पलंगावरून खाली उतरली.

"मला बरं व्हायचं होतं, दादा. इतकं व्हायचं होतं, की थोडे दिवस पोटालाही ते पटलं. त्याचाही गुन्हा करतोस?"

"मी तुझ्या भल्यासाठीच..."

"ते बघ." तिने पडद्यावर बोट ठेवलं. "आज सकाळचा घास आहे तो. माझं डोकं इथे वर आहे आणि घास तिथे अडकलाय. मी जेवायला बसले की सगळं घर माझ्या तोंडाकडे बघतं, ही आता काय सोंग आणते म्हणून. ते तू शिकवलंस त्यांना."

डॉक्टर मध्ये बोलायला गेले, की असं बरं वाटणं पुष्कळांना होतं, त्याने आजार खोटा ठरत नाही. ती त्यांच्याकडे वळली.

"तुमचाही राग आहे मला. सही मी केली, तुम्ही काही लपवलं नाहीत, सगळं कबूल. पण सहा महिने ओकले ती मी. तेवढा राग राहू द्या."

"राहू द्या," डॉक्टर म्हणाले. आपली बाजू मांडायला ते गेले नाहीत, म्हणून त्यांना मी माफ केलं.

पुढे तिचं वळं खरोखर कापलं. त्यानंतरच्या तपासणीला ती एकटीच, बसने आली. या वेळी चार तासांनी पोटात थोडंसंच अन्न उरलं होतं. डॉक्टरांनी हात राखूनच सांगितलं, की वळं कापूनही काहींना गुण आलेला नाही, सगळ्यांचा हिशेब लागायचा आहे. तिलाही अजून मधूनच उलटी होते, काही दिवस नुसत्या पातळ पदार्थांवर काढावे लागतात. पण आठवड्यातून दोनदा ती उथळ पाण्यात उभी राहून लहानग्यांचे पाय धरते आणि ते पाण्यात कसे मारायचे ते शिकवते.

दादा मागाहून आपला आपणच आला होता. दारातून डोकं घालून त्याने बाईंना हळूच विचारलं, किती उरलं? बाई म्हणाल्या, तिलाच विचारा. तो बाहेर बाकावर जाऊन बसला. मासोळीने कपडे बदलले, पिशवी उचलली आणि मागच्या जिन्याकडे निघाली.

"बाहेर थांबलाय तो," बाई म्हणाल्या.

"थांबू दे. मी नाटक करते म्हणून ज्यांना ज्यांना फोन केले, त्यांना आधी पुन्हा फोन करू दे. मग बोलू."

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू शेवटी आमची निगा राखा म्हणून हात जोडतो. माझं तसं काही मागणं नाही. मला लवकरच भंगारात काढणार आहेत, काढू देत. माझा संताप वेगळा आहे. आपलं दुखणं खरं आहे हे सख्ख्या भावाला पटावं म्हणून एका बाईला माझ्याखाली येऊन पडावं लागलं, आणि ती काही एकटी नव्हती. माझ्या पलंगावर अशी कितीतरी माणसं पडून गेली, आणि घरच्या माणसांनी त्यांना खोटं पाडलेलं मी ऐकलं. तुमच्या घरी कुणी ताट बाजूला सारलं, तर नखरे म्हणायच्या आधी काय होतंय ते विचारा, आणि जे सांगतील ते खरं धरून चाला. चित्र काय, माझ्या जागी येणारा काढेलच.