ओतकामाच्या गल्लीची हवा

मी धूळमापक. ओतकामाच्या गल्लीत, दवाखान्याच्या गच्चीवर माझा मुक्काम असतो. हवा आत ओढायची, पांढऱ्या कागदातून गाळायची आणि धूळ किती साठली ते सांगायचं, एवढंच माझं काम.

मला इथे बसवलं तेव्हा खाली लोखंड वितळवून ओतायच्या कोळशाच्या भट्ट्या होत्या. संध्याकाळपर्यंत कागद काळाकुट्ट व्हायचा. तो बदलायला पर्यावरण खात्यातल्या ताई यायच्या. बोलणं तोडून टाकणारं, पण माझी जाळी पुसताना हात हलका.

एका वर्षी माझा आकडा धाडकन उतरला. ताईंचे साहेब स्वतः गच्चीवर आले.

"आपला भाग हिरवा झाला! अहवालात पहिला नंबर आपलाच."

ताईंनी कठड्यावरून खाली बोट दाखवलं. समोरच्या, गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या भट्टीला कुलूप होतं. कोळसा परवडेना म्हणून भट्टीवाल्या काकांनी ती बंद केली होती. कामगार पांगले होते.

"साहेब, काम थांबलं म्हणून धूर थांबलाय. याला सुधारणा कशी म्हणायची?"

"आकडा उतरला ना? मग झालं तर. उगाच खुसपट काढू नका."

पण भाग सुधारला असं ठरलं, की धूर कमी करायला मिळणारी सरकारी मदत दुसरीकडे जाणार होती. ताई दुसऱ्या दिवशी काकांनाच वर घेऊन आल्या.

"काका, पलीकडच्या गल्लीत विजेच्या भट्ट्या चालतात. तुम्ही का नाही लावली?"

"मला काय हौस नाही? आमच्याकडे वीज कधी दगा देईल नेम नाही. वितळलेलं लोखंड आतच थिजलं तर भट्टीच गेली की! आणि ती चालवायला शिकवणार कोण?"

भट्टी बंद पडली म्हणून आकडा उतरला आणि विजेची लावायला भरवशाची वीज नाही, असं ताईंनी अहवालात माझ्या आकड्याशेजारी लिहिलं. साहेबांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. शेवटी सही केली, तीही कुरकुरतच.

"वरून विचारणा झाली तर उत्तर तुम्ही द्यायचं."

"देईन की."

पहिला नंबर हुकला. सरकारी मदतीतून गल्लीला मात्र भरवशाची वीज मिळाली, पलीकडचा मिस्त्री शिकवायला आला आणि काकांनी विजेची भट्टी लावली. निम्मेच कामगार परतले. बाकीच्यांनी तोवर दुसरीकडे बस्तान बसवलं होतं. भट्टी सुरू झाली त्या दिवशी काम नसतानाही ताई वर आल्या आणि खालचा गलका ऐकत बराच वेळ उभ्या राहिल्या.

आता माझा पंखा घरघरतो. लवकरच नवा मापक येणार आहे. माझ्यापेक्षा हुशार आहे म्हणे. असू दे. पण आकडा का उतरला, हे त्यालाही गच्चीवरून दिसणार नाही. तेवढं विचारायला कुणीतरी जिना उतरून खाली जात जा.